छोट्या चर्चची वेबसाईट: कमी खर्चात, आपल्याच माणसांना जमेल अशी कशी करायची

आमचं चर्च नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आहे. सत्तरेक कुटुंबं, पाळकसाहेब एकच आणि त्यांच्याकडे अजून दोन गावच्या मंडळ्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भक्ती बंद पडली तेव्हा आमच्या तरुण संघातल्या एका मुलाने फार मनापासून वेबसाईट करून दिली होती. पुढे त्याला परगावी नोकरी लागली, त्याचा नंबर बदलला, डोमेन (साईटचा पत्ता) त्याच्याच ईमेलवर होतं ते रिन्यू झालं नाही आणि एक दिवस मंडळीतल्या एका आजोबांचा फोन आला की चर्चचं नाव टाकलं तर जुगाराची साईट उघडतेय. मला ते ऐकून फार लागलं. चूक त्या मुलाची नव्हती, आम्ही पंचकमिटीने कधी विचारलंच नाही की हे कोणाच्या नावावर आहे.

नंतर सेक्रेटरी म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी कॉम्प्युटरवाला नाही, टायपिंग आणि व्हॉट्सअ‍ॅप येतं एवढंच. तीन-चार सॉफ्टवेअर वापरून बघितली, काही पैसे वाया गेले, शेवटी जमलं. ज्या मंडळ्या आता सुरुवात करताहेत त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय.

१. आधी ठरवा, साईट बघणार कोण

सॉफ्टवेअर शोधायच्या आधी कागद-पेन घ्या आणि गेल्या वर्षभरात चर्चला कोणाकोणाचे फोन आले ते आठवा. आमच्याकडे तीन प्रकारचे लोक निघाले. बदली होऊन गावात नवीन आलेलं कुटुंब, त्यांना भक्ती किती वाजता आणि मराठीत असते का एवढंच हवं असतं. दुसरे आपलेच पुण्या-मुंबईला गेलेले लोक, त्यांना नाताळचा, ईस्टरचा कार्यक्रम आणि गावाकडची खबर हवी असते. तिसरे बाप्तिस्म्याचा किंवा लग्नाचा दाखला हवा असलेले, त्यांना कोणाला भेटायचं आणि काय कागद आणायचे ते हवं असतं.

यात कुठेही मोठमोठी हलणारी चित्रं लागत नाहीत. पाच पानं पुरतात: मुख्य पान, भक्तीच्या वेळा, चर्चची माहिती, कार्यक्रम, संपर्क. वेळ, पत्ता आणि फोन मोबाईलवर साईट उघडल्या उघडल्या दिसला पाहिजे, खाली सरकवायला लागता कामा नये. वसईकडच्या एखाद्या पॅरिशला मिस्साच्या वेळा मराठी-इंग्रजी वेगवेगळ्या द्यायला लागतील, तेवढा फरक.

२. त्याच्याही आधी गूगल मॅपवर चर्च नीट करा

हे फुकट आहे आणि निम्मं काम यातच होतं. नवीन माणूस बहुतेक वेळा मॅपवरच शोधतो. गूगल बिझनेस प्रोफाईलमध्ये जाऊन चर्च आपल्या ताब्यात घ्या, वेळ-फोन-फोटो टाका. पिन बघा. आमची पिन कित्येक वर्षं मागच्या गल्लीत होती.

३. शनिवारी रात्री साईट कोण बदलणार?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. साईट करायला उत्साही माणूस मिळतो. पण शनिवारी रात्री नऊ वाजता पाळकसाहेबांचा फोन येतो की उद्या भक्ती साडेनऊऐवजी आठला आहे, तेव्हा ते कोण बदलणार, कोणत्या मोबाईलवरून, आणि ती व्यक्ती गावाला गेली असेल तर दुसरं कोण? अशी किमान दोन नावं कागदावर लिहा, जमलं तर एक तरुण संघातलं आणि एक महिला संघातलं. आमच्याकडे संडे स्कूलच्या एक शिक्षिका हे सगळ्यात नेमाने करतात. सॉफ्टवेअर या दोघांना झेपेल असं घ्यायचं, ज्याला सगळं येतं त्याला आवडेल असं नाही.

४. सॉफ्टवेअर: काय काय आहे आणि कोणाला काय बरं

गूगल साईट्स. आम्ही शेवटी इथेच थांबलो. पूर्ण फुकट, त्यावर कुठलीही जाहिरात येत नाही, जीमेल असलं की झालं, आणि स्वतःचं डोमेन जोडायचेही वेगळे पैसे नाहीत. मॅप, यूट्यूब व्हिडिओ, फॉर्म, कॅलेंडर हे सगळं दोन क्लिकमध्ये पानात बसतं. दिसायला साधी असते, हे खरं. मोठी अडचण अशी की साईट बदलायला कॉम्प्युटर लागतो, मोबाईलवरून ते धड होत नाही, आणि आपल्याकडे कॉम्प्युटर असतो कोणाकडे. त्याला आम्ही असं केलं: "या रविवारी" नावाचं एक गूगल डॉक बनवलं आणि ते मुख्य पानात बसवून टाकलं, कार्यक्रमांसाठी गूगल कॅलेंडर बसवलं. आता संडे स्कूलच्या बाई मोबाईलवर ते डॉक उघडून वेळ बदलतात आणि साईटवर आपोआप बदलते, साईटला हात लावायला लागत नाही. एक सापळा आहे, डॉकचं शेअरिंग "लिंक असलेला कोणीही बघू शकतो" असं ठेवा, नाहीतर तुम्हाला दिसतं आणि बाकीच्यांना परवानगी मागा असा निरोप येतो. आम्हाला हे आठवडाभर कळलंच नव्हतं, कारण आम्ही सगळे लॉगिन करूनच बघत होतो. आणि "बघू शकतो"च ठेवा, "बदलू शकतो" ठेवलं तर कोणीही येऊन काहीही लिहील.

वर्डप्रेस डॉट कॉम. ज्या मंडळीला दर आठवड्याचा संदेश लिहून टाकायचाय, जुने संदेश तारखेप्रमाणे साठवायचेत, त्यांना हे गूगल साईट्सपेक्षा बरं. मोबाईल अ‍ॅप आहे, मेनू मराठीत करता येतात. फुकटच्या प्लॅनमध्ये १ जीबी जागा मिळते पण जाहिराती येतात, आणि त्या कसल्या येतील हे आपल्या हातात नसतं, चर्चच्या पानावर मला ते पटलं नाही. स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरायचा प्लॅन घ्यायला लागतो. चांगली गोष्ट म्हणजे उद्या दुसरीकडे जायचं झालं तर सगळं लिखाण बाहेर काढता येतं.

स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस. नाव तेच असल्यामुळे लोक फसतात, हा प्रकार वेगळा आहे. सॉफ्टवेअर फुकट असतं पण साईट ठेवायची जागा (होस्टिंग) भाड्याने घ्यायची, प्लगिन (वर जोडायची छोटी सॉफ्टवेअर) अपडेट करायचे, बॅकअप ठेवायचा, हे सगळं आपल्या गळ्यात. अपडेट राहिले की साईट हॅक होते. मंडळीत हेच काम करणारा माणूस असेल आणि तो पाच वर्षं तरी गावात राहणार असेल तरच या वाटेला जा. होस्टिंगच्या जाहिरातीत महिना शंभर-सव्वाशे रुपये दिसतात पण तो भाव तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर असतो आणि रिन्यू करताना वाढतो. साईटला कुलूप म्हणजे एसएसएल हवं म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर आधी विचारा, लेट्स एन्क्रिप्टचं एसएसएल फुकट मिळतं.

विक्स. दिसायला देखणी साईट सगळ्यात पटकन इथे होते, उचला आणि कुठेही ठेवा. फुकटमध्ये विक्सची पट्टी आणि विक्सचंच नाव असलेला पत्ता मिळतो. कॉम्प्युटरवर छान मांडलेलं मोबाईलवर कधीकधी एकावर एक येतं, ते वेगळं नीट करावं लागतं. आणि इथे केलेली साईट उचलून दुसरीकडे नेता येत नाही, सोडायचं झालं की पुन्हा पहिल्यापासून.

स्क्वेअरस्पेस. सुंदर असते, पण कायमचा फुकट प्लॅन नाही, १४ दिवस वापरून बघता येतं आणि नंतर पैसे. सत्तर कुटुंबांच्या चर्चला माझ्या मते गरज नाही.

खास चर्चसाठी म्हणून विकतात ती. टाईथलीसारख्या अमेरिकन कंपन्या चर्चसाठीच साईट, अ‍ॅप, देणगी असं सगळं एकत्र देतात. तिकडच्या चर्चला ते सोयीचं असेल, पण त्यांची देणगीची सगळी व्यवस्था तिकडच्या बँका-कार्डांची, बिल डॉलरमध्ये, आणि आपल्याकडे तर अर्पण पेटीत नाहीतर यूपीआयने. ज्या गोष्टीसाठी ते महाग असतं तीच आपल्याला वापरता येत नाही. टेम्प्लेटमधले (तयार नमुन्यातले) फोटोही तिकडच्या चर्चचे असतात, ते तसेच ठेवू नका, आपल्या मंडळीचा साधा मोबाईलवरचा फोटो हजारपट बरा.

पैसे भरायचा कुठलाही प्लॅन बघताना दाखवलेल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी धरा आणि दुसऱ्या वर्षीचा भाव बघा. पहिल्या वर्षीचा भाव बघून पंचकमिटीपुढे आकडा ठेवू नका.

५. घ्यायच्या आधी अर्ध्या तासाची परीक्षा

दोन सॉफ्टवेअर निवडा, फुकट खातं उघडा आणि वर लिहिलेल्या त्या दोन माणसांना बसवा. तुम्ही शेजारी बसा पण माउसला हात लावू नका. त्यांनी एवढं करून दाखवायचं: भक्तीची वेळ बदलणे, एक फोटो टाकणे, नाताळचा कार्यक्रम मराठीत लिहिणे, मॅप बसवणे, आणि चुकून उडालेलं परत आणणे. हे शेवटचं नक्की घ्या. माणूस सॉफ्टवेअरला घाबरतो ते माझ्याकडून काही बिघडलं तर काय या भीतीने, आणि जिथे परत आणता येतं तिथे लोक बिनधास्त काम करतात. आमच्या परीक्षेत एका सॉफ्टवेअरमध्ये बाईंना वेळ बदलायला वीस मिनिटं लागली, दुसऱ्यात तीन. तिथेच निर्णय झाला.

६. डोमेन आणि खाती चर्चच्या नावावर

आधी चर्चच्या नावाने नवीन जीमेल उघडा. रिकव्हरीला दोन वेगवेगळे पंचांचे नंबर द्या. सगळं काही याच ईमेलवर घ्यायचं, मदत करणाऱ्या तरुणांना एडिटर म्हणून जोडा, मालक म्हणून नाही. आणि हे खातं अधूनमधून उघडत जा, दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल बंद करू शकतं.

डोमेन डॉट इन घ्या किंवा डॉट ओआरजी. आम्हाला डॉट इन वर्षाला हजाराच्या आत पडतं. देवनागरीत डॉट भारतसुद्धा मिळतं, पण फोनवर सांगायला आणि टाईप करायला लोक अडखळतात म्हणून आम्ही घेतलं नाही. नाव छोटं ठेवा, स्पेलिंग फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहायला लावा, चुकला तर दुसरं बघा. पैसे भरायच्या पानावर नको असलेल्या दोन-तीन गोष्टी आधीच टिक केलेल्या असतात त्या काढा. गूगल साईट्सला डोमेन जोडलं की पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता असं दोन्ही टाकून बघा, एक चालत नसेल तर डोमेन घेतलं तिथे फॉरवर्डिंग लावायला लागतं.

ट्रस्टच्या खात्याला दोन सह्या लागतात आणि बहुतेक वेळा डेबिट कार्ड नसतं, मग ऑनलाईन पैसे कसे भरायचे हा प्रश्न येतोच. आमच्याकडे खजिनदार स्वतः भरतात, बिल चर्चच्या नावाने घेतात आणि व्हाउचर करून चेकने परत घेतात. ऑटो रिन्यूवर विसंबू नका, २०२१ पासून कार्डच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झालेत आणि पैसे न कापले जाता तारीख निघून जाऊ शकते. रिन्यूची तारीख चर्चच्या कॅलेंडरवर एक महिना आधी टाका.

हाताशी ठेवायचे कागद:

- पंचकमिटीचा ठराव, त्यात साईट कोण बघणार आणि खर्चाची मर्यादा
- ट्रस्ट नोंदणीचा दाखला आणि नंबर (धर्मादाय आयुक्तांकडचा)
- ट्रस्टचं पॅन आणि बँक खात्याचा तपशील
- चर्चचा पूर्ण पत्ता, पिनकोड, पाळकसाहेब आणि सेक्रेटरी यांचे फोन, छापायला त्यांची परवानगी
- सात-आठ चांगले फोटो
- चर्चची माहिती दीड पानात, बांधणीचं साल कोनशिलेवरून बघून लिहिलेलं

७. मराठी नीट दिसायला पाहिजे

नगरातूनच अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली ज्ञानोदय काढायला सुरुवात केली, आपल्या मंडळ्यांमध्ये मराठी छापायची रीत इतकी जुनी आहे. तर साईट अर्धवट इंग्रजीत करू नका, ज्या आजी ती नातवाच्या मोबाईलवर वाचणार आहेत त्यांच्या भाषेत करा.

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुन्या मजकुराचा. आमची जुनी पत्रकं, अहवाल सगळं श्री-लिपीत टाईप केलेलं होतं, ते कॉपी करून साईटवर टाकलं की नुसती चिन्हं दिसतात. कृतीदेव, शिवाजी या फॉन्टचंही तेच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्ह-ऱ्य एकदा डोळ्याखालून घाला, तिथेच चुका राहतात. थोडाच मजकूर असेल तर मोबाईलवर बोलून टाईप करणं जास्त सोपं.

फॉन्ट निवडताना टेम्प्लेटमधला इंग्रजी फॉन्ट तसाच ठेवला तर मराठी अक्षरं दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमध्ये येतात आणि ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. गूगल फॉन्ट्समध्ये मुक्ता आहे, बालू आहे, हे देवनागरीसाठीच बनवलेले, वाचायला मोकळे. तिरो देवनागरी मराठी मध्ये ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. मजकुराचा आकार टेम्प्लेटपेक्षा एक पायरी मोठा ठेवा आणि ओळींमध्ये जागा जास्त द्या, वेलांट्या आणि उकार एकमेकांना लागतात.

८. फोटो, गाणी, वचनं

मोबाईलचा फोटो ४-५ एमबीचा असतो, असे दहा टाकले की खेड्यातल्या नेटवर साईट उघडतच नाही. स्क्वूश नावाचं फुकट साधन आहे, त्यात रुंदी १६०० पिक्सेल करून ३०० केबीच्या आत आणा.

संडे स्कूलच्या मुलांचे फोटो आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका आणि फोटोखाली मुलाचं नाव-शाळा तर कधीच नको. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय. सभासदांची यादी, फोन नंबर, बाप्तिस्मा रजिस्टरच्या पानांचे फोटो साईटवर नको. प्रार्थना विनंतीचा फॉर्म ठेवलात तर तो फक्त पाळकसाहेबांनाच दिसेल असा ठेवा, कोणी आजारपणाचं लिहितं, कोणी घरातल्या भांडणाचं, ते चुकूनही चारचौघात येता कामा नये. मी या बाबतीत कोणाचंही "काय होतंय" ऐकत नाही.

गाण्यांचं म्हणाल तर लेखक वारल्यापासून ६० वर्षं कॉपीराईट असतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांचे शब्द टाकायला अडचण नाही, पण कोणा क्वायरने केलेलं रेकॉर्डिंग ही वेगळी वस्तू, त्याचे हक्क वेगळे. अलीकडच्या गीतकारांना विचारूनच टाका. बायबलची आपण वाचतो ती भाषांतरंही प्रकाशकांच्या हक्काची असू शकतात, आठवड्याचं एक वचन संदर्भासकट द्या, अख्खे अध्याय उतरवू नका.

भक्तीचा व्हिडिओ साईटवर चढवू नका, यूट्यूबवर टाका आणि पानात बसवा. मोबाईलवरून लाईव्ह करायचं असेल तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि लाईव्ह चालू व्हायला २४ तास लागू शकतात, म्हणून २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरुवात करू नका.

९. देणगीचं पान: सावकाश

क्यूआर कोड टाकायचा तर तो ट्रस्टच्या खात्याचाच, खजिनदारांच्या वैयक्तिक नंबरचा कधीच नाही, ते कितीही विश्वासाचे असले तरी. उद्या प्रश्न आला तर त्यांनाच त्रास होतो. प्राप्तिकरात सूट मिळेल असं ८० जीचं प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय लिहू नका.

परदेशी पैशाचं नीट समजून घ्या. दुबईला किंवा अमेरिकेत असलेल्या आपल्या माणसाने पाठवलेलं सगळंच परदेशी देणगी होत नाही, पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर होते, आणि अशी देणगी घ्यायला २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला लागतात. नोंदणी नसेल तर क्यूआरच्या खाली मराठी आणि इंग्रजीत ठळक लिहा की आम्ही परदेशी देणगी स्वीकारत नाही. सीएला एकदा पान दाखवा. आम्ही पहिले सहा महिने देणगीचं पानच ठेवलं नव्हतं आणि काही अडलं नाही.

१०. चालू केल्यावर

जाहीर करायच्या आधी एका स्वस्त जुन्या मोबाईलवर, लॉगिन न करता, वायफाय बंद करून साईट बघा. मग मंडळीबाहेरच्या कोणाला तरी द्या आणि विचारा, रविवारी किती वाजता यायचं आणि कुठे. दहा सेकंदात उत्तर आलं नाही तर मुख्य पान परत करा. जुने कार्यक्रम काढत जा, जूनमध्ये नाताळचं आमंत्रण दिसलं की लोकांना वाटतं चर्च बंद पडलंय.

शेवटी एक पाकीट करा. त्यात डोमेन कुठून घेतलं, रिन्यूची तारीख, ईमेल, पासवर्ड, रिकव्हरीचे नंबर आणि साईट कशी बदलायची याच्या हाताने लिहिलेल्या दहा ओळी. बंद करून त्यावर दोन पंचांच्या सह्या आणि रजिस्टरच्या कपाटात ठेवा. नवी पंचकमिटी निवडून आली की हिशोबाच्या वह्यांबरोबर पाकीट नव्या सेक्रेटरीच्या हातात द्या, त्याच बैठकीत त्यांच्याकडून एकदा लॉगिन करून घ्या, पासवर्ड बदला आणि जुन्या पंचांचे नंबर काढून नव्यांचे टाका.